चाबी काढल्यावरही चालणारं इंजिन

माझे वडील पंडितराव, आमचे आप्पा, गेले त्याच्या आदल्या दिवशी ते अंगणात बसून गाडीचे प्लग साफ करत होते. तीन सिलिंडर, सातशे शहाण्णव सीसी, जुन्या पद्धतीचं कार्ब्युरेटरचं इंजिन. माझा वाढदिवस त्यांच्या लक्षात राहत नसे. ऑइल कधी बदललं ते मात्र पक्कं राहायचं. पॉलिश पेपरने काजळी खरवडताना ते मधूनच डावा खांदा दाबत होते.

"गॅस आहे," म्हणाले. "वैजू, आता हेड उघडून कार्बन काढावा लागेल. गावातल्या गावात फिरून इंजिन आतून काळं पडतं."

मी हो म्हटलं, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने खंडव्याला नोकरीवर परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. आईने त्यांना आधी तापीच्या राजघाटावर कौतिक महाराजांकडे नेलं. महाराजांनी नजर उतरवली, अंगारा चाटवला, स्वस्थ पडून राहायला सांगितलं. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली होती आणि आप्पा नव्हते.

याबद्दल आमच्या घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

महिन्याभराने आमच्या दारासमोर दर गुरुवारी गर्दी जमू लागली. आईला गाडी चालवता येत नाही, म्हणून महाराजांचा शिष्य रितेश तिला आप्पांच्या गाडीतून घाटावर नेई. परतल्यावर तो चाबी काढून उंच धरी, आणि इंजिन चालूच राही! धड्, धड्, धडधड. सगळी गाडी ताप भरल्यासारखी थरथरे. बोनटवर हार, नंबर प्लेटवर कुंकू.

"माय वं, कसं हलून राहिलं!" शेजारच्या सरुबाईंनी हात जोडले. "पंडितभाऊ असेच खोकायचे."

"देखो, भाविकहो!" महाराज गरजले. "चाबी बाहेर, इंजिन चालू! विज्ञानाने इथे हात टेकले. पंडितरावांचा जीव पिस्टनमध्ये अडकलाय!" असं म्हणत त्यांनी डिकीवर फुलं वाहिली. इंजिन पुढे असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. पण महाराजांनी आईला सांगितलं, तुमच्या बीपीच्या गोळ्यांनी आत्म्याला दाह होतो. गोळ्या बंद, फक्त अंगारा. आईने गोळ्या तापीत सोडल्या. तिचं डोकं दिवसभर ठणकायचं, पायऱ्या चढताना भिंत धरावी लागायची.

"आई, मी नवीन गोळ्या आणते."

"नको. ते माझ्यासाठी थांबून राहिले, वैजू. चाबी काढली तरी जात नाहीत."

पुढच्या गुरुवारी मी रजा काढून घरी राहिले आणि सकाळी बोनट उघडलं. कार्ब्युरेटरवर रेसचा स्क्रू असतो. उभ्या गाडीचं इंजिन किती वेगाने फिरेल ते त्यावर ठरतं. आप्पा तो कानाने ऐकून लावत. आता तो भलताच आत पिळलेला होता आणि त्याच्या खाचेत चकचकीत, ताजे ओरखडे होते. मी तो तसाच ठेवला.

संध्याकाळी रितेश गाडी चांगली तापवून घेऊन आला. चाबी निघाली, इंजिन धडधडलं, जयजयकार झाला. मी पेचकस घेऊन पुढे गेले, पण आप्पांच्या गाडीपाशी थांबले नाही. समोरचे अनंतकाका त्यांच्या तसल्याच जुन्या गाडीतून नुकते खकनारहून आले होते.

"काका, इंजिन बंद करू नका. बोनट उघडते."

"काय करून राहिली, पोरी?"

मी स्क्रू आत पिळला. इंजिन ओरडू लागलं. "आता चाबी काढा."

काकांनी काढली. धड्, धड्, धडधड!

"काका, तुम्ही कधी वारलात?"

"मी?" काका दचकले. "मी तर सकाळी पोहे खाल्ले!"

गर्दीत हशा पिकला. महाराज घाईने म्हणाले, "यांच्या वडिलांचा आत्मा असेल."

"माझा बाप बैलगाडीतही भीतीने डोळे मिटून बसायचा, महाराज. तो इंजिनात कशाला शिरतो?"

"ऐका," मी म्हणाले. "चाबी काढली की प्लगची ठिणगी थांबते. पण आत साचलेला कार्बन निखाऱ्यासारखा लाल होतो. रेस वाढवलेली असली की गरम इंजिन पेट्रोल ओढत राहतं आणि ते त्या निखाऱ्यावर पेटतं. आत्मा नाही, काजळी आहे. रितेश, स्क्रू कोणी पिळला?"

रितेशने महाराजांकडे पाहिलं. "यांनीच बोललं होतं, दीदी... थोडी रेस बढा दे."

महाराज शाप पुटपुटू लागले. मी आप्पांच्या थरथरत्या गाडीत बसले.

"वैजू, नको गं!" आई किंचाळली.

चौथा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला, क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि इंजिन गप्प झालं. मग उतरून स्क्रू जागेवर आणला, गाडी पुन्हा सुरू केली, चाबी फिरवली. लगेच बंद.

"गाडीने धूर सोडला तर तुम्ही सगळे मिस्त्रीकडे जाता," मी लोकांना म्हणाले. "तिला अंगारा चाटवत नाही. मग छातीत कळ आली की माणसाला का चाटवता?"

महाराज निघायला वळले. त्यांची पिशवी उचलायला रितेशसुद्धा वाकला नाही.

आई ओट्यावर बसून राहिली होती. तिने विचारलं, "म्हणजे त्या सकाळी मीच त्यांना..."

मी तिच्यासमोर खाली बसले. सगळे ऐकत होते, ऐकू देत.

"तू घाबरली होतीस, आई. घाबरलेल्या बाईशी हा माणूस खोटं बोलला. वेळेवर डॉक्टर मिळाले असते तर आप्पा वाचले असते की नाही, मला माहीत नाही. ती संधी याने घालवली. मला तुझाही राग आला होता, खूप, आणि तो बाहेर पडेल या भीतीने मी तुझ्याशी धड बोललेच नाही. आता बोलते. आप्पा गाडीत नाहीत. कुठेच नाहीत. तू आहेस. गोळी घे. मला तू पाहिजेस."