विहिरीसाठी एक ओळ

निबंधाला हात घालायच्या आधी विषय फोडायचा, हे पर्पेच्युआ टीचरचं टुमणं अंधेरीच्या शाळेतल्या अकरावीच्या पोरांना पाठ झालं होतं. विषयातल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिल फिरवायची. विचारलंय काय, कुणाबद्दल, कुठवर, हे आधी ठरवायचं. मग आपलं म्हणणं एका वाक्यात लिहायचं, आणि लगेच शत्रू होऊन तेच वाक्य मोडून बघायचं. टिकलं तर पुढे जायचं. पोरं वैतागायची. चार पानं खरडणं सोपं, पण ते एक वाक्य जमता जमत नसे!

अशी ही टीचर, आणि तिच्याच गावठाणाला नोटीस आली. सहासष्ट सालची गोष्ट. आसपासची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत कधीच गेली होती. आता रस्ता रुंद करायचा होता, आणि त्याच्या तोंडाशी क्रूसाजवळची जुनी विहीर होती. ती बुजवणार होते.

तिचा बाप लुईस नोटीस घेऊन तणतणत घरी आला. गावठाणाचं पुढारपण त्याच्याकडे होतं, पण वाचता येत नव्हतं. त्याच्या पाठोपाठ जॉनीकाका आणि निम्मं गाव ओसरीवर जमलं.

"लिही गो पोरी," जॉनीकाका म्हणाला. "माझ्या आज्यानं ही विहीर खणली, लिही. प्लेगात हिच्याच पाण्यावर गाव जगला, लिही. सायब वाचताना ढसाढसा रडला पायजे."

"काका, सायबाला रडवायचंय की विहीर वाचवायचीय?" पर्पेच्युआनं पेन्सिल काढली. "आधी त्यांनी विचारलंय काय ते बघू."

नोटिशीत एकच वाक्य कामाचं होतं. 'सदर विहिरीचा सध्या सार्वजनिक वापर होत असल्यास तो कोणता, हे लेखी कळवावे.' तिनं 'सार्वजनिक'खाली रेघ मारली. 'वापर'खाली मारली. 'कोणता'खाली तर दोनदा मारली. 'सध्या'पाशी पेन्सिल जरा थबकली आणि पुढे सरकली. शब्द तिला दिसला नव्हता असं कोण म्हणेल? चांगला दिसला होता. पण तिनं डोळा चुकवला.

"प्यायला घेतो का आपण पाणी?" तिनं विचारलं.

"छे! नळ आल्यापासून कोण पितो?"

"मग आज्याचं, प्लेगचं सगळं राहू दे. सगळ्या गावाला लागते अशी ती कशासाठी?"

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली तिची आई, उर्सुला, मान वर न करता म्हणाली, "उंबराच्या पाण्यासाठी."

उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी बाजा लावून विहिरीवर जायचं, बायकांनी घागरी भरून आणायच्या आणि त्या पाण्यानं नवऱ्या-नवरीला न्हाऊ घालायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पर्पेच्युआनं कागद ओढला आणि एका झटक्यात लिहिलं, 'या विहिरीच्या पाण्यावाचून आमच्या गावात कोणाचंही लग्न होत नाही.'

"एकच ओळ?" लुईसचा चेहरा पडला. "पंधरा पानं तरी पायजेत ना गो!"

"पप्पा, ज्याचं म्हणणं पक्कं असतं त्याला एक ओळ पुरते."

लुईसला ते भारी आवडलं. पुढचे आठ दिवस तो भेटेल त्याला ते ऐकवत सुटला. पोरीचा अभिमान नुसता उतू चालला होता. उर्सुला मात्र ते ऐकलं की उठून आत जायची. आणि पर्पेच्युआनं ते वाक्य मोडून बघितलं नाही. दरवर्षी चाळीस पोरांना जे करायला लावायची, तेवढंच तिनं केलं नाही.

सुनावणीला कचेरीत दोघं बाप-लेक गेली. लुईसनं लग्नातला कोट घातला होता. अधिकारी मध्यम वयाचे, चष्मेवाले, अगदी सभ्य गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"झकास लिहिलंय. रोज माझ्याकडे वीस-वीस पानी रडगाणी येतात, बाई. हे कसं स्वच्छ आहे." त्यांनी चष्मा वर सरकवला. "असं असेल तर रस्ता वळवायची शिफारस मी करीन. शेवटचं लग्न कधी झालं गावात?"

"गेल्या मे महिन्यात. एडनाचं," लुईस म्हणाला.

"पाणी या विहिरीचंच होतं?"

"तर काय! विहिरीचंच!" लुईस ठणकावून म्हणाला आणि त्यानं लेकीकडे बघितलं.

साहेबांनीही तिच्याकडेच बघितलं. "अर्जावर सही तुमची आहे. तुम्ही सांगा."

पर्पेच्युआनं अर्जावरच्या आपल्या सहीकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वी तिचं गावातल्याच ह्युबर्टशी लग्न ठरलं, तेव्हा बाजेवाले दारात उभे होते आणि ही बी.ए. झालेली नवरी हटून बसली होती. शेवाळलेल्या पाण्यानं मी न्हाणार नाही. नळ आहे ना अंगणात! उर्सुला पदर डोळ्यांना लावून रडली होती, तरी घागरी नळाखालीच भरल्या. मग काय, सगळ्यांना वाट मोकळी झाली. टीचरला नळ चालला, मग आम्हाला का नको? त्यानंतर सहा लग्नं झाली. विहिरीकडे कुणी फिरकलं नाही.

एक 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? साहेब काही विचारायला गावात येणार नव्हते. बाप श्वास रोखून बघत होता. त्याला कधी नव्हे ते आपल्या लेकीकडून काही हवं होतं. तिला ओरडून रडावंसं वाटलं. पण तोंडातून खोटं काही फुटेना.

"नळाचं होतं," ती म्हणाली. "एडनाचंही, आणि त्याआधी माझंही. सुरुवात मीच केली."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं असावं. मग त्यांनी फाईल ओढली, टाक शाईत बुडवला, काहीतरी लिहिलं आणि टिपकागद दाबला.

लुईस खुर्चीतून उठला. "काय लिवलं?" त्यानं हळूच विचारलं.

पर्पेच्युआनं उलट्या बाजूनं वाचलं. सवयच ती, प्रत्येक शब्दावरून नजर फिरली. कुठे एक शब्द जास्त नव्हता, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"'विहीर सध्या वापरात नाही,'" तिनं वाचून दाखवलं.

"एकच ओळ?"

"एकच, पप्पा."

"मग पक्कं हाय," लुईस म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घालून एकटाच जिना उतरायला लागला.