दोन बोटांची जागा

माणसाच्या अंगाचं माप घेणं हे माझं काम. चाळीस वर्षं झाली. शाळा मी चौथीतच सोडली, पण इंच, अर्धा, पाव आणि सूत यांत मला अजून कुणी हरवलेलं नाही. माणूस दारातून आत आला की टेप काढायच्या आधीच मला कळतं, की छाती अडतीस, उजवा खांदा उतरलेला आणि बायकोशी पटत नाही. तिसरी गोष्ट कपड्यात धरता येत नाही, म्हणून बोलत नाही एवढंच.

आमचा कारखाना गणवेशांचा. बसवाले, पहारेकरी, दवाखान्यातली माणसं, सगळ्यांना आम्ही झाकतो. एकतीस बायका आहोत. मी मापाला आणि कापणीला, सून माझ्याच हाताखाली, बाकीच्या मशीनवर. तोंडावर मला मावशी म्हणतात आणि पाठीमागे टेप. मला ठाऊक आहे. याहून वाईट नावं मी त्यांना ठेवली आहेत.

यंदा मालकांनी सगळ्यांचा आरोग्य विमा उतरवला. आपण, नवरा, मुलं, आईवडील, सासूसासरे, सगळ्यांचा दवाखाना त्यात. हे ऐकून माझे कान टवकारले, कारण आमच्या घरात एक मोतीबिंदू पिकून बसला होता. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. मोहरीएवढ्या चाकाचे दात मोजणारा माणूस आता चहाचा कप चाचपडत शोधतो. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांच्या आत उरकून घ्या, आणखी पिकला तर अवघड होईल. आणि ऑपरेशनची तारीख विमा लागू झाल्याशिवाय मिळणार नव्हती.

पण फुकटच्या गाईला शेपूट लांब असतं. विमा कंपनीची अट अशी, की आधी प्रत्येक कामगाराची तपासणी. वजन, उंची, रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर. बाईची कंबर पस्तीस इंचांच्या वर गेली की तिचं नाव लाल यादीत. लाल यादीतल्या बाईने सहा महिने चालायचं, घेर उतरवायचा, मग तिच्या घरच्यांचा विमा सुरू. सुनेची नोकरी अजून कच्ची, तिला या विम्यात घरच्यांची नावं घालता येत नव्हती. म्हणजे आमच्या ह्यांचे डोळे माझ्या कमरेला येऊन लटकले. आयुष्यभर त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि आता हे.

तपासणीच्या दिवशी एक नर्स आली. एकटीच, कोवळी पोर. सुई टोचण्यात हात चांगला होता तिचा, पण टेप तिने अशी धरली जशी कुणी मेलेली पाल धरतं. पहिल्याच बाईची कंबर शोधता शोधता ती बरगड्यांपर्यंत पोचली. मला बघवेना.

"ठेव ती बाजूला, माझी टेप आहे," मी म्हटलं. "तू लिही, मी सांगते."

"चालेल का, मावशी?"

"चाळीस वर्षं चालतंय."

तिचा जीव भांड्यात पडला. मी तीस बायका अर्ध्या तासात उरकल्या. माझं माप सुनेने घेतलं, मी शिकवलं तसंच, हात जराही न थरथरता. मला बरं वाटलं. नर्सने सगळे आकडे लिहून नेले.

आठ दिवसांनी यादी लागली. एकतीसपैकी एकोणीस बायका लाल. नोकरीत जुनी म्हणून सगळ्यात वर माझं नाव. छत्तीस.

तिथून कारखान्याचं वारं फिरलं. दुपारच्या सुट्टीत एकोणीस बायका आवारात गोल गोल चालायला लागल्या, जशी घाण्याला जुंपली आहेत. मी पुढे, कारण मागे चालायची मला सवय नाही. काजं करणारी आमची ठेंगणी, तिला सगळ्या फुलपाखरू म्हणतात, तिने तर जेवणच सोडलं. काकडी आणि पाणी. चौथ्या दिवशी तिने चाळीस शर्टांना डाव्याऐवजी उजव्या बाजूला काजं पाडली.

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी विचारलं.

"डोकं आहे, मावशी. पोट नाही."

"आईच्या दातांसाठी करतेस ना? मग आधी स्वतःच्या दातांना काहीतरी दे."

"यादीत नाव लाल आहे माझं. सहा महिने काढायचेत." ती बसली आणि काजं उसवायला लागली. रडत नव्हती, पण नाक सारखं ओढत होती.

घरी गेल्यावर मी ह्यांना सांगितलं की सहा महिने थांबावं लागेल. ते खिडकीत बसले होते. उजेड कळतो, म्हणून तिथे बसतात.

"थांबू," म्हणाले. "घाई कुणाला आहे? तुझा चेहरा मला पाठ आहे."

हे मला फार लागलं. ते भांडले असते तर मी दोन शब्द जास्त दिले असते. ते भांडलेच नाहीत. म्हणून मी टेप काढली आणि म्हटलं, "उभे राहा. दवाखान्यात न्यायला एक सैल विजार शिवते. आज ना उद्या लागेलच."

ते उभे राहिले. मी टेप कमरेभोवती घेतली. डोळे गेले की माणसाच्या कातडीला डोळे फुटतात. ते म्हणाले, "बोटं कशाला घातलीस आत?"

"घालावीच लागतात. टेपेखाली दोन बोटं. नाहीतर माणूस खाली बसला की बटण उडतं. कमरेला दीड इंच मोकळं..."

आणि मी टेपेखालची माझीच दोन बोटं बघत राहिले.

ते वाट बघत उभे. मी टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"का गं? थांबलीस?"

"काही नाही. सुतळी राहिली आणायची."

"हं," ते म्हणाले. गालातल्या गालात हसले. घड्याळ का बंद पडलं हे कानाला लावून ओळखणारा माणूस तो, त्याला बायको का बंद पडली हे कळणार नाही?

त्या अर्ध्या तासात मी तीस बायकांच्या कमरेला दोन दोन बोटं घातली होती. कुणी शिकवायची गरज नव्हती, हातच तसा जातो. आणि सुनेने माझ्या कमरेला घातली, कारण पहिल्या दिवशी न घातल्याबद्दल मीच तिच्या हातावर चापट मारली होती. एकोणीस बायकांना मी बसण्याउठण्यापुरतं सैल मापून लाल करून ठेवलं होतं.

दोन दिवस मी खाली मान घालून कापड कापत राहिले. सुनेने मला विचारलं, आई, बरं नाही का. मी मीठ कमी आहे म्हणून तिच्यावर खेकसले. मीठ बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या बाई आल्या, चालणाऱ्यांची हजेरी बघायला. हातात फाईल, पायात टकटक. मी त्यांना कापणीच्या टेबलापाशी गाठलं आणि म्हटलं, "माझी कंबर परत मोजा."

"तक्रार आहे का?"

"शंका आहे."

"करता येईल. तुमची आत्ता मोजून घेते, नर्स आलीच आहे. फक्त कारण लेखी लागेल. आधीचं माप का चुकलं."

चुकलं. हा शब्द माझ्या मापाबद्दल त्या चार भिंतींत पहिल्यांदा उच्चारला गेला. मशीनं थांबली. बायकांचे कान काय असतात ते मी सांगायला नको.

सून माझ्या खांद्याशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, टेप जुनी होऊन आखडली होती असं लिहा ना."

वाट सरळ होती. टेपेला तोंड नाही. पण दर सोमवारी मी ती टेप लोखंडी पट्टीवर ताडून बघते. ती टेप माझ्याहून प्रामाणिक आहे, तिच्यावर आळ घ्यायचा? आणि एकटीची कंबर सुधारून घ्यायची, तर फुलपाखरू काकडी खात समोरच बसली होती. तिच्याकडे बघून मला माझाच राग आला.

"माझी एकटीची नको," मी म्हटलं. "सगळ्यांची मोजा. मापं मी घेतली होती. शिवायची मापं घेतली, मोजायची नाहीत. बोटं घातली आत, सवयीने. सगळ्यांच्या कमरेत दीड इंच माझाच आहे."

मग फुलपाखरू म्हणाली, "म्हणजे मी आठ दिवस उपाशी राहिले, ते तुमच्या दोन बोटांसाठी?"

"हो."

"मावशी, डब्यात काय आहे तुमच्या?"

मी डबा तिच्यापुढे सरकवला. तिने खाल्ला तो सगळा, बोटं चाटून. माझ्यासाठी घासभर ठेवायचंही तिला सुचलं नाही, आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही.

त्या बाईंनी कागद पुढे केला. मी लिहिलं, 'मापे माझ्याकडून चुकली. टेप बरोबर होती.' खाली सही. दुसरं वाक्य कशाला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, टेपेला बरं वाटेल.

मग नर्सने मोजलं, बोटं न घालता. मी तिला टेप धरायला शिकवलं, पण हात लावला नाही. एकोणीसपैकी चौघी लाल राहिल्या, त्यांना त्यांचं आधीपासून माहीत होतं. फुलपाखरू सुटली. माझं माप आलं चौतीस आणि अर्धा. पोरगी म्हणाली, "मावशी, श्वास सोडा की." मी म्हटलं, सोडलाय, तोच सोडायला तर इथे उभी आहे.

महिन्याच्या आत ह्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून डॉक्टरांनी डोळ्यांपुढे बोटं धरली, ह्यांनी ती बरोबर मोजली. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला.

"काय?"

"कागद. तू लिहून दिलास तो. सून म्हणाली तुझ्याकडे नक्कल आहे."

"चेहरा पाठ आहे म्हणत होतात. तो आधी बघा."

"तो बघितला. आता कागद."

काय करणार? दिला. त्यांनी तो नाकापाशी धरला, मग हात लांब करून धरला, मग खिडकीच्या उजेडात नेऊन तिसऱ्यांदा वाचला. ओठ हलत होते. डॉक्टर उभेच. एकाही अक्षरावर ते अडखळले नाहीत, त्यावरून डोळा उत्तम झाला आहे हे सगळ्यांनाच कळलं.

"कुणाला दाखवणार आहात?" मी विचारलं.

"कुणालाही नाही. नुसता जवळ असू दे."

घडी घालून त्यांनी तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा थोपटला. तो सदरा मीच शिवलेला. खिशाला दुहेरी शिलाई आहे, कोपऱ्यांना टाके मारलेले आहेत. तो खिसा फाटून कागद कधी पडेल, ही आशा मला नाही.