बाटलीतला शेवटचा तुकडा

मी एक जुनी काचेची बाटली आहे. पडेगावातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत, पांढऱ्या दिव्यांखालच्या फळीवर माझं आयुष्य गेलं. रत्नमालाबाई माझ्यात गोड, जेलीसारखं खाद्य ओतायच्या आणि त्यावर ऑर्किडचा मोहरीएवढा तुकडा ठेवायच्या. मित्रांनो, त्या तुकड्याला ना मूळ असतं, ना पान. स्वतःचं अन्न त्याला पुरेसं करता येत नाही, म्हणून साखर द्यायची.

बाईंनी वर्षानुवर्षं साखरा बदलून पाहिल्या. घरातल्या साखरेवर तुकडा नुसता फुगायचा. ग्लुकोजवर सावकाश वाढायचा, पण त्याला कोंब यायचे. बाटल्या धुणाऱ्या गोजरबाई म्हणायच्या, "बाई, तुमची ही लेकरं माझ्या नातवाहून नखरेल हायेत!" बाई हसायच्या.

श्रावणात बाई गेल्या. ज्या झाडाचे तुकडे होते, ते आधीच मेलं होतं. आता ते फक्त तीन बाटल्यांतल्या तुकड्यांपुरतं उरलं होतं.

बाईंची मुलगी अमृता बँकेत नोकरी करते. गोजरबाई पैठणला गेल्या असताना तिला तुकडे फिके दिसले. तिने आईची वही उघडून नवं खाद्य शिजवलं, आणि अशक्त जिवाला जास्त लागेल म्हणून साखर दुप्पट घातली. दोन तुकडे त्यात हलवले. आठवड्यात ते आकसून काळे पडले. फार साखर त्यांच्यातलं पाणीच ओढून घेते.

"माय, लेकरू जेवंना म्हणून ताटात दुप्पट वाढत्यात व्हय?" परत आलेल्या गोजरबाई म्हणाल्या. मग अमृताच्या तोंडाकडे पाहून हळूच, "तुला कुणी सांगितलंच नाय."

आता शेवटचा तुकडा माझ्यात आहे. बाईंनी स्वतःच्या हातांनी ठेवलेला.

आज दुपारी गोजरबाई बाटल्या धूत असताना अमृताने मला फळीवरून उचललं. अंगठा माझ्या झाकणावर ठेवला.

"मावशी, एकदाच हात लावते. आईनं ठेवलंय ते."

"बुरशी शिरल आत. साखर तिलाबी गोड लागती."

"एकदाच."

"नाय, माय."

मला ओरडता येत नाही. बऱ्याच वेळाने तिने मला परत ठेवलं. बोटं मात्र काचेवरून काढली नाहीत.

मित्रांनो, हा तुकडा जगेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही कधी इथे आलात, तर काचेबाहेरूनच बघा. जीव कितीही तुटला, तरी झाकण उघडू नका.