कालचाच दर

दरांच्या त्या जाड वहीत अकरा वर्षं एकच शब्द होता. तारखेपुढे एकच रकाना: एका परक्या नाण्याला आपली किती. आपली नऊ, असं सरकारने एकदा ठरवून टाकलं, तेव्हापासून ती रोज सकाळी वळणदार अक्षरात लिहायची, कालचाच.

बँकेत सगळे तिला ताई म्हणत. ही तिच्या धाकट्या भावाची कृपा. घराखालचं आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडलं की आठ पंचवीसला तो तिला फोन करायचा.

“ताई, दर?”

“कालचाच, गाढवा.”

बस्स. बहीणभावाचा हा रोजचा जप.

त्या दिवशी मात्र तिला सातलाच बोलावणं आलं. साहेब स्वतः रेकॉर्डच्या खोलीत आले, आतून कडी घातली आणि तिच्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर आकडा होता, बारा.

“नऊला रेडिओवर जाहीर होईल. तोवर शाखांचं पत्रक टाइप करून ठेवा. दार नऊलाच उघडेल. ही गोष्ट तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि वर त्याला.”

पत्रक टाइप करताना ‘बारा’पाशी तिची बोटं थांबली. धाकट्याची लेक सहा वर्षांची, दोन्ही कानांनी ठार बहिरी. कानात यंत्र बसवायचं ते सीमेपलीकडच्या हॉस्पिटलात, आणि त्यांना पैसे हवेत त्यांच्याच नाण्यात. चार वर्षं पोटाला चिमटा काढून गेल्या आठवड्यात रक्कम जमली होती. ‘शनिवारी बदलून आणतो,’ असं तो म्हणाला होता. नऊचे बारा झाले, तर त्यातला पाव हिस्सा जागच्या जागी नाहीसा होणार होता.

तिने वहीची पानं मागे उलटली. एकतीस वर्षांपूर्वीचं पान. चार, चार, चार, आणि मग एकदम सहा. अक्षर अण्णांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. त्यांचीही दराचीच नोकरी होती. त्या सकाळी, सहा जाहीर व्हायच्या आधीच, काकांनी बोटीच्या तिकिटासाठी परके पैसे विकत घेतले. अण्णांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. काकांना तिकीट हवं होतं, म्हणून ते गेले, एवढंच. पण पावतीवर आडनाव दिसलं, चौकशी लागली, आणि त्या ‘सहा’च्या खाली दुसऱ्याच माणसाचं अक्षर सुरू झालं. ‘दर फोडणारा’ हे नाव अण्णांना शेवटपर्यंत चिकटलं. जाताना सुद्धा म्हणाले, “पोरी, मी तोंड उघडलं नव्हतं गं.”

आठ पंचवीस. फोन वाजला.

“कोण?” साहेबांनी विचारलं.

“भाऊ. रोज करतो.”

“घेऊ नका.”

“साहेब, अकरा वर्षांत पहिल्यांदा नाही घेतला, तर तो काय समजेल?”

साहेबांनी ओठ चावला. “घ्या. रोजचं तेवढंच बोला.”

“ताई, दर?”

देव सत्त्व पाहतो ते काही नेहमी अग्नीत उभं करून नाही. कधीकधी चार अक्षरांत पाहतो. नऊ वाजेपर्यंत दर खरंच कालचा होता, म्हणजे शब्द खरा होता. पण देवा, खऱ्या शब्दानेही फसवता येतं, हे आजच दाखवायचं होतं तुला?

“कालचाच,” ती म्हणाली.

पुढचा शब्द आलाच नाही. ज्याला आपण आत्ता गाढव बनवतोय, त्याला गाढव म्हणायला जीभ उचलेना.

पलीकडे घड्याळांची टिकटिक ऐकू आली. मग नुसतं “बरं,” आणि फोन ठेवल्याचा आवाज.

“छान,” साहेब म्हणाले.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आपण ‘गाढवा’ गिळलं आणि तीच एक खूण झाली. पैसे बदलण्याची खिडकी त्याच्या दुकानासमोरच होती, साडेआठला उघडायची. त्याला उमगलं असेल, तर पोरीचे कान वाचले; पण पावतीवर पुन्हा तेच आडनाव, आणि अण्णांची बदनामी आता तिच्याच पदरात. उमगलं नसेल, तर पोरीचे कान गेले. ती हात जोडून बसली खरी, पण मागावं काय तेच तिला कळेना. भिंतीवरचा काटा जागचा हलत नव्हता.

नऊला रेडिओने बारा सांगितले. साहेबांनी कडी काढली. नऊ वीसला फोन वाजला.

“ताई, दर?”

“बारा. तू शनिवारी जाणार होतास ना?”

“आठ बत्तीसला रांगेत होतो. पिशवी छातीशी धरून. तापाने फणफणली होतीस तेव्हासुद्धा गाढवा म्हणाली होतीस तू. आज नाही म्हणालीस. शटर ओढलं आणि धावत सुटलो.”

“अरे देवा! मग?”

“नंबर आला. खिडकीतल्याने फॉर्म पुढे केला. म्हणाला, पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट. अण्णांचं नाव निम्मं लिहिलं गं. मग हातच चालेना. फॉर्म फाडला, खिशात घातला, आलो परत.”

तिला एकदम हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

“घरात सांगितलंस?”

“सांगितलं. ही म्हणाली, तुमच्या घराण्याला तोंड मिटून बसायची भारी हौस. माझी पोर मात्र राहिली ऐकायची. आता वर भांडी आपटतेय.”

“खरं तेच बोलली ती. डॉक्टर काय म्हणाले होते?”

“सातवं वर्ष संपायच्या आत यंत्र बसायला हवं. मी रात्री भिंतीवरची घड्याळंही दुरुस्तीला घ्यायला लागतो. दीड वर्षात भरून निघेल.”

“वर्षसुद्धा नाहीये तुझ्या हातात! माझा फंड आहे. पाव हिस्सा माझा. अर्ज आजच टाकते.”

“ताई, तुझ्या म्हातारपणाचे पैसे ते. तू कशाला...”

“गप्प बस, गाढवा.”

पलीकडे पुन्हा टिकटिक. मग कोणीतरी जोरात नाक ओढलं.