आत्याची टाच

२००९ साली, थंडी संपता संपता, प्रसूतिगृहातल्या आत्याची डावी टाच संपावर गेली. आत्या तिथली सगळ्यात जुनी सुईण. तळमजल्यावर फिजिओथेरपी करणारी तिची भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून मग डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचीच ती आत्या झाली होती.

सकाळी पलंगावरून पाय टेकला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा दुखावलाय, असं भाचीचं निदान. बर्फ झाला, व्यायाम झाले, मऊ चपला झाल्या. टाच हटून बसली. मेट्रनने उन्हाळा सरेपर्यंत मुदत दिली. तोवर उभं राहता आलं नाही, तर बाळंतिणींची खोली सोडून कपड्यांच्या कोठीत दुपट्यांच्या घड्या घालत बसायचं. त्यापेक्षा माझीच घडी घालून कपाटात ठेवा, असं आत्याच्या ओठांवर आलं होतं.

राहता राहिलं दुखऱ्या जागी ठोके देणारं शॉकवेव्हचं मशीन. दोनदा झालं, गुण नाही. आज तिसरी आणि शेवटची खेप.

भाचीने टाचेला जेल चोपडलं, मशीनचा दट्ट्या टेकवला. टकटक सुरू झाली, सुतारपक्षी हाडावर बसल्यासारखी. कळ आली तसे आत्याने दात आवळले. जन्मभर तिने बायकांना हेच शिकवलं होतं, ओरडण्यात दम घालवू नका. तिच्या खोलीतून हूं की चूं बाहेर जात नसे आणि त्याचा तिला कोण अभिमान!

"इथे दुखतंय?"

"नाही गं, चालू दे तुझं."

दट्ट्या पुढे सरकला आणि थांबला. भाचीची नजर आत्याच्या मुठीत चुरगळलेल्या टॉवेलवर होती. तिने मशीन बंद केलं.

"मागच्या दोन्ही वेळा असंच केलंस ना? आत्या, हे मशीन आंधळं आहे. तू सांगशील तिथेच मारायचं त्याने. मी दोनदा भलतीकडेच मारत बसले."

"सहन होत होतं, म्हणून नाही बोलले."

"माझ्या बाळंतपणात म्हणालीस, ओठ मीट. मी मिटले. आता तू उघड."

पडद्यापलीकडे वॉर्डातली आया गुडघा शेकत बसली होती. इथला शब्द वर पोचायला वेळ लागला नसता. आत्याला कोठीतल्या दुपट्यांची चळत दिसली.

"कर चालू," ती म्हणाली.

टकटक आतल्या कडेला आली.

"इथे," आत्या पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"इथे गं बये, इथे!"

पलीकडे आयाची शेकायची पिशवी धपकन पडली. भाचीने ती जागा शेवटपर्यंत सोडली नाही.

टाच हळूहळूच वळणावर आली. उन्हाळा सरताना आत्या काठीशिवाय मेट्रनसमोर जाऊन उभी राहिली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तिने ती खोली सोडली नाही. मेट्रन दुसऱ्या गावी बदलून गेली. आयाने ती किंकाळी बरीच वर्षं पुरवून पुरवून सांगितली. भाचीची धाकटी मुलगी आत्याच्याच हातांवर जन्मली. त्या दिवशी भाचीने अशी बोंब ठोकली की तळमजल्यावरचे पेशंट छताकडे बघू लागले.

"उट्टं काढतेयस होय?" आत्याने तिचा घाम पुसत विचारलं. "काढ. पण कळ कुठे येतेय, ते सांगत जा."