सूज पायाकडून

जयसिंगरावांनी न्हाणीघराची कडी आतून लावली, पाटावर बसून डावा मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा रोवला. अंगठा काढला तरी खड्डा जागच्या जागी. ते मनात आकडे मोजू लागले. काल सतरापर्यंत खड्डा भरला होता, आज बावीस झाले. त्यांनी मोजा पुन्हा चढवला. भाद्रपदाच्या उकाड्यात मोजे घालून हिंडणारा अख्ख्या देवासात हा एकटाच मनुष्य, पण बायकोपासून पाय लपवायचे तर दुसरा इलाज नव्हता.

भीती उगाच नव्हती. त्यांचे आजोबा आबासाहेब देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या गादीच्या, दरबारात नोकरीला होते आणि राजवैद्यांच्या संगतीत अर्धे वैद्य झाले होते. ते म्हणत, बाईची सूज तोंडाकडून आणि पुरुषाची पायाकडून चढली, की पुढचं देवाहाती. आबासाहेबांच्या बाकी शहाणपणाला नातवांनी कधी भीक घातली नाही, हे तेवढं मात्र बरोब्बर लक्षात ठेवलं. माणसाचं डोकं असंच, नको तेच जपून ठेवतं.

तेव्हा आपलं आता आटोपलं, असं जयसिंगरावांनी धरून टाकलं. मागे तशी काही काळजी नव्हती, एकच गोष्ट टोचत होती. थोरले बंधू मानसिंगराव तिकडे सरदारपूरला. बारा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा मानसिंगरावांची बस वाटेत बंद पडली आणि त्यांना यायला तासभर उशीर झाला. लोक घाई करत होते. जयसिंगराव थांबले नाहीत, त्यांनीच अग्नी दिला. थोरल्याचा मान धाकट्याने घेतला, आणि त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणं नाही.

बुधवारी त्यांनी मन घट्ट करून फोन लावला.

"दादासाहेब, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. माझं चुकलं."

पलीकडून "रविवारी येतो," एवढंच.

मोडेन पण वाकणार नाही असला तो माणूस, इतक्या सहज कसा कबूल झाला याचं जयसिंगरावांना नवल वाटलं. पण मरणाऱ्याने फार चौकशा करू नयेत, असं म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला.

शुक्रवारी बिंग फुटलं. झोपेत मोजा घसरला आणि त्याच्या रबराचा खोल वळ जानकीबाईंना दिसला. त्या तडक नवऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, रक्त-लघवी तपासून घेतली, इको काढला. शनिवारी सगळे कागद चाळून त्यांनी विचारलं, बीपीची गोळी कधी बदलली? दोन महिने झाले होते.

"किडनी, दिल सब ठीक है. गोली का असर है, भिया," डॉक्टर म्हणाले. "कई लोगों को होता है. दूसरी लिख देता हूँ, पर अपने मन से कोई दवाई बंद मत करना."

जयसिंगरावांच्या जिवात जीव आला. बाहेर पडल्या पडल्या त्यांनी उभ्या उभ्या पावभर जिलबी संपवली आणि जानकीबाईंनी चक्क डोळेझाक केली. रिक्षात मात्र त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. तीन आठवडे एकट्याने मरत होतात, मला सांगावंसं वाटलं नाही, हे त्यांनी घर येईपर्यंत चारदा ऐकवलं.

घरी आल्यावर जयसिंगरावांना निराळीच रुखरुख लागली. मरणाऱ्याने मागितलेली माफी आता जगणाऱ्याला जड जायला लागली. गोळीचं आधी कळतं, तर आपण फोन केला असता का? छे! बरं नाही असं काहीतरी सांगून भावाचं येणं लांबवावं, म्हणून त्यांनी फोन उचलला.

"ठेवा तो," जानकीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डाळ भिजत घातलीय. उद्या पुरण आहे."

रविवारी मानसिंगराव आले. भाजी आणायलासुद्धा पॉलिश केलेले बूट घालून जाणारा हा माणूस, आज पट्टे सैल सोडलेल्या चपलांत होता. हातात वडिलांची चांदीच्या मुठीची काठी. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी ती धाकट्यापुढे धरली.

"ही तुझ्याकडे राहू दे, जया. मला आता कुठली लागतेय. अग्नी कोणी का दिला असेना, तो दोघांचा बाप होता. तुझा फोन आला नसता तर मीच करणार होतो."

काठी बाजूला ठेवून जयसिंगराव वाकले आणि बारा वर्षांनी थोरल्या भावाच्या पायांना त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग हात काढले, आणि तसेच खाली बसून राहिले. दोन्ही पावलांवर अंगठ्यांचे दोन खड्डे पडले होते. त्यांनी मनात मोजायला सुरुवात केली. वीस झाले, बावीस झाले, खड्डे भरेनात.

"काय झालं रे?" पाय खुर्चीखाली ओढून घेत मानसिंगरावांनी विचारलं.

जयसिंगरावांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

"दादासाहेब," ते म्हणाले, "तुम्ही बीपीची गोळी कुठली घेता?"