एफ्राइन बसला ती खुर्ची

मी एक जुनी पत्र्याची खुर्ची आहे, घडी होणारी. मित्रांनो, नाक मुरडू नका. सिंहासनाची गोष्ट कुणीही कौतुकाने ऐकेल, पण सिंहासनावर बसणारा कधी थरथरत नाही. माझ्यावर बसणारे बहुतेक सगळे थरथरत असत.

कारखान्यात मला आणि माझ्या पन्नास बहिणींना एकाच दिवशी ठोकून काढले आणि वर तपकिरी रंग मारला. पहिली काही वर्षे मी एका चर्चच्या तळघरात काढली. लग्न असो की मयत, आम्हाला उघडायचे आणि काम झाले की भिंतीशी उभे करायचे. मयताला गर्दी जास्त व्हायची. पुढे आमच्या साउथ ब्राँक्स या गरीब वस्तीत एकेक इमारत जळू लागली, लोक निघून गेले, चर्चला कुलूप लागले आणि आम्ही ओल्या तळघरात गंजत पडलो. तिथून मला एल्मोरने बाहेर काढले.

एल्मोर हा लष्करी कोट घालणारा उंच काळा माणूस. युद्धावरून येताना तो हेरॉइनचे व्यसन घेऊन आला होता, आणि ते सोडताना त्याने नरक पाहिला होता. त्याने आणि वस्तीतल्या चार जणांनी एका बंद दुकानात एक खोली उघडली होती. व्यसन सोडू पाहणाऱ्यांना तिथे गोल बसवत आणि प्रत्येक कानात पाच बारीक सुया टोचत. ही चिनी विद्या एल्मोर संत्र्यांवर सराव करून शिकला होता. सोबत पुदिना आणि कॅमोमाइलच्या फुलांचा गरम काढा मिळे. पाऊण तास कुणी बोलायचे नाही, कुणाला नावगाव विचारायचे नाही, आणि कुणाचा डोळा लागला तर त्याला मुळीच उठवायचे नाही, कारण व्यसन सुटताना माणसाची झोप उडते आणि हाडे ठणकतात. असा माणूस माझ्यावर मान टाकून झोपला की मला काय वाटे, कसे सांगू! मऊ गादीला जमले नव्हते ते मला जमले होते.

आणखी एक नियम होता. त्या दिवशी नशा करून आलेल्यालाही हाकलायचे नाही. मात्र त्याने दाराजवळ, एल्मोरच्या डोळ्यांसमोर बसायचे, आणि त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

लुमी त्याच खोलीत बरी झाली आणि मग तिथेच सुया टोचू लागली. तिचा हात फार हलका. तिने आपल्या धाकट्या भावाला, एफ्राइनला, ओढून आणले. या पठ्ठ्याने नशेपायी आईचे शिवणयंत्र विकले होते. आई, दोन्या प्रोवी, म्हणजे प्रोवीबाई, शिवणावरच पोट भरणारी. तिने दाराला कडी घातली आणि लुमीकडून निरोप धाडला, "तीस दिवस त्या विषाला शिवू नकोस म्हणावं त्याला. मग ये जेवायला."

तीस दिवस! एफ्राइनला दुसरे काही सुचेना. तिसऱ्या दिवशी तो माझ्यावर बसून ओकला. नवव्या दिवशी हसला.

"अजून टोचलं नाही तोवर डोळे काय मिटतोस, रडूबाई?" लुमी म्हणाली.

"तू लहानपणी केस विंचरायचीस ना माझे, तेव्हापासून धसका घेतलाय," तो म्हणाला.

अठराव्या दिवशी तो तिला म्हणाला, "बारा राहिले गं. आईला म्हणावं, तुरीच्या दाण्यांचा भात कर. आणि पातेल्याच्या बुडाला लागलेला सगळा माझा. तुला देणार नाही."

एकोणिसाव्या दिवशी तो उशिरा आला आणि धपकन माझ्यावर बसला. लुमीने त्याची हनुवटी वर केली. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या नशेने टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिला सांगायला कुणी नको होते.

"एफ्रा, काय केलंस हे?"

"एकदाच गं. आईला सांगू नकोस."

तिने दाराकडे पाहिले. एल्मोर पाठमोरा काढा ओतत होता. मग तिने भावाला उठवले, मला ओढत कोपऱ्यात नेले, भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि त्याला पुन्हा बसवून सुया टोचल्या.

"तिकडे कशाला बसवलंस त्याला?" एल्मोरने विचारले.

"तीन रात्री डोळ्याला डोळा नाही रे त्याच्या. पडू दे निवांत."

एल्मोरने मान डोलावली. त्याचा तिच्यावर विश्वास होता.

मित्रांनो, मला कळत होते. त्याची पाठ माझ्या पाठीला टेकली होती. एक श्वास येई, मग खूप वेळ काहीच नाही. मग तो घोरू लागला, आणि शेजारची बाई हळूच म्हणाली, "बघा, कसा घोरतोय नवाब!" लुमीसुद्धा हसली. ते घोरणे नव्हते, त्याचा श्वास कोंडत होता. एकोणीस दिवसांत त्याच्या शरीराची विषाची सवय मोडली होती आणि त्याने मात्र पूर्वीएवढेच घेतले होते. मला ओरडायचे होते. पण माणूस हलला तरच खुर्ची कुरकुरते, आणि तो हलत नव्हता.

पाऊण तास संपला. भावाला आणखी थोडी झोप मिळावी म्हणून लुमीने आधी बाकी सगळ्यांच्या सुया काढल्या. त्याच्याकडे आली, एक सुई काढली, आणि कान गार लागला.

एल्मोरने त्याला जमिनीवर निजवून तोंडाने श्वास दिला. दमला तरी देत राहिला. रुग्णवाहिका आली तेव्हा तिच्याकरता काम उरले नव्हते. लुमीने सगळ्यांसमोर खरे सांगून टाकले. "दाराजवळ असता तर मी त्याला..." एल्मोर एवढेच बोलला आणि खाली बसला.

दफनानंतर दोन्या प्रोवी खोलीवर आली. "कुठे बसला होता?" तिने विचारले. लुमीने बोट दाखवले. म्हातारी माझ्यावर बसली.

"किती दिवस झाले होते त्याचे?"

एकोणीस म्हटले असते तर आईला तेवढाच आधार झाला असता.

"एकही नाही, आई. त्या दिवशी त्याने घेतलं होतं. मला दिसलं होतं. तू दार उघडावंस म्हणून लपवलं मी."

मला वाटले, आता ती मुलीला मारणार. तिने लुमीचा हात धरला आणि म्हणाली, "तीस कशाला म्हटलं मी? दहा म्हटलं असतं, तर केव्हाच घरी जेवला असता गं."

त्यानंतर खोलीत दारातच नाव विचारू लागले. लुमी दर थोड्या वेळाने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून नावाने हाक मारी. लोक वैतागत. "अगं बाई, आत्ता कुठे डोळा लागला होता!"

"शिव्या घाल हवं तर," ती म्हणे, "पण ओ दे."

आता ती खोली नाही आणि मी एल्मोरच्या अडगळीत आहे. मला रंग द्या, तेल घाला, असे काही मी मागत नाही. एवढेच मागते. तुमच्या जवळचे कुणी फार वेळ गप्प असेल, निजलेय म्हणून सगळे पाय न वाजवता जात असतील, तर तुम्ही जा आणि हाक मारा. ते माणूस चिडेल. चिडू द्या.